रिडेव्हलपमेंट: बिल्डरच्या लेटरहेडवर संमतीपत्र द्यावं का? (मुलुंड पूर्व)

गव्हाणपाडेकर: नमस्कार मंडळी. आमची सोसायटी १९८३ची, तळ अधिक तीन, २४ सभासद, लिफ्ट नाही. आई तिसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेले, त्यामुळे रिडेव्हलपमेंट मला हवीच आहे. रविवारी कमिटीने थेट एका बिल्डरला आणलं. कार्पेटवर ३५ टक्के जादा, भाडं, कॉर्पस (बिल्डर देतो तो एकरकमी निधी) आणि माणशी पेढ्यांचा बॉक्स. सोबत त्याच्याच लेटरहेडवर छापील संमतीपत्र. "५१ टक्के झाले की काम सुरू," असं सेक्रेटरी म्हणतात. सही करू का?

टॉवरवासी: ३५ फारच कमी. आमच्या मेन रोडवरच्या सोसायटीला ४५ मिळाले. ताणून धरा.

माजी_सेक्रेटरी: सही अजिबात नको. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९चा शासन निर्णय काढून वाचा. आधी पुनर्विकास करायचा की नाही हे विशेष सभेत ठरतं, मग पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमायचा, त्याचा फिजिबिलिटी रिपोर्ट (प्लॉटवर काय आणि किती परवडेल त्याचा अहवाल) सभासदांपुढे येतो, मग टेंडर. बिल्डर निवडायच्या सभेला निबंधक कार्यालयाचा अधिकारी बसतो, शूटिंग होतं. तुमचे ५१ टक्के लागतात ते तिथे! २४ पैकी १६ हजर हवेत आणि किमान १३ जणांची संमती. जिन्यात गाठून घेतलेल्या सह्या म्हणजे ती संमती नव्हे.

टॉवरवासी, मेन रोडचे टक्के गल्लीत मागून मिळत नाहीत हो. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, रस्त्याच्या रुंदीवर ठरतं: उपनगरात ९ मीटर रस्त्यावर २.०, १८.३० मीटरला २.४, वर ३५ टक्के फंजिबल (जादा एफएसआय). म्हणून आधी डीपी रिमार्क (पालिकेच्या विकास आराखड्यातली प्लॉटची नोंद) काढा, रस्ता किती मीटर दाखवलाय ते बघा. कन्व्हेयन्स झालंय ना, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे ना, तेही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. शेजारच्या सोसायट्यांशी बोला. आमच्या गल्लीत चार इमारती एकेकट्या गेल्या. चार रॅम्प, चारही ठिकाणी स्टॅक पार्किंग. खालची गाडी काढल्याशिवाय वरची उतरत नाही, म्हणून सगळे गल्लीतच लावतात आणि सकाळी शाळेची बस अडकते. दोन टॉवरच्या मधे कंपाउंडची भिंत, अलीकडे-पलीकडे बंबासाठी सोडलेली पट्टी, पोरांना खेळायला हातभर जागा नाही. घरं मोठी झाली, गल्ली होती तेवढीच राहिली. विकास नियमावलीतल्या ३३(९)च्या क्लस्टरला (अनेक इमारतींचा एकत्र पुनर्विकास) उपनगरात ६००० चौरस मीटर लागतात, तेवढी जागा तुमच्याकडे नसणार. पण दोन-तीन प्लॉट जोडायला ती अट नाही. एक रॅम्प, एक पोडियम, सलग मोकळी जागा मिळते.

गव्हाणपाडेकर: शेजारच्यांशी ड्रेनेज लाइनवरून कित्येक वर्षांचा अबोला आहे 😅

माजी_सेक्रेटरी: मग पीएमसीला पाठवा, त्याला कुठे ड्रेनेजचा राग आहे! त्याच्याकडून मेंटेनन्सचा अंदाजही लेखी घ्या. दोन लिफ्ट, फायर पंप, वॉचमन यांचा खर्च दरमहा येतो; कॉर्पसच्या व्याजात किती भागेल ते आत्ताच कळू दे.

आईंसाठी भाड्याचं घर तळमजल्याचं किंवा लिफ्टचं बघा. आणि करारात भाडं ठरावीक महिन्यांपुरतं नको, ओसीसह (पालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्रासह) ताबा मिळेपर्यंत लिहून घ्या.