मदत हवी आहे: आयआयआर फिल्टरच्या फीडबॅक लूपला लुक-अहेड लावलंय, कोएफिशंट (फिल्टरचे ठरलेले गुणक) किती बिटचे ठेवू?

नमस्कार मंडळी, एफपीजीएवर (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) हाय-स्पीड डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, करणारं कोणी असेल तर प्लीज बघा.

एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) १४ बिटचा, सेकंदाला १०० कोटी सॅम्पल, एफपीजीएचा क्लॉक २५० मेगाहर्ट्झ, म्हणजे दर क्लॉकला ४ सॅम्पल एकदम येतात. एफआयआर (आउटपुट फक्त इनपुटवरून काढणारा फिल्टर) असता तर हवे तेवढे रजिस्टर (आकडा एक क्लॉक धरून ठेवणारे) टाकले असते, थोडी लेटन्सी वाढली असती एवढंच. पण हा फर्स्ट ऑर्डर आयआयआर आहे, पोल ०.९८ वर, म्हणजे मागचं आउटपुट ०.९८ ने गुणून नव्या इनपुटमध्ये मिळवायचं. चार लेन (एकेका सॅम्पलला एक समांतर मार्ग) केल्यावर लूपमध्ये ०.९८ चा चौथा घात येतो आणि तो गुणाकार प्लस बेरीज ४ नॅनोसेकंदात उरकायची, तिथे टायमिंग बसतच नाही, आणि लूपमध्ये नुसतं जादा रजिस्टर घुसवलं तर फिल्टरच बदलतो.

मग प्रोफेसर केशब पारही आणि मेसरश्मिट यांचं १९८९ चं लुक-अहेडवरचं काम वाचलं. फार सुंदर आहे हो! आउटपुट एक सॅम्पल मागच्यावरून न काढता १६ सॅम्पल मागच्यावरून काढायचं, म्हणजे चार लेनमध्ये लूपला ४ क्लॉक मिळतात आणि गुणाकाराच्या आत आरामात रजिस्टर बसतात. लूपमधला गुणक ०.७२४ होतो, त्यामुळे लूपचा राउंड-ऑफ नॉइज (आकडे राउंड केल्याने येणारा) २५ पट वाढायचा तो जेमतेम दुप्पट वाढतो. यासाठी मधल्या इनपुटचा हिशोब करणारा एक एफआयआर भाग लूपच्या आधी लावावा लागतो, त्याचे फॅक्टर पाडले की दर लेनला फक्त ४ गुणाकार जादा.

अडलंय ते इथे. लुक-अहेडमुळे जादा आलेले १५ पोल त्या एफआयआर भागाच्या झिरोंनी (पोलचा परिणाम पुसणारे) कॅन्सल व्हायला हवेत, पण ०.९८ चे घात मी वेगवेगळे राउंड केले तर ते नेमके जुळणार नाहीत आणि ६२.५ मेगाहर्ट्झच्या पटीत रिस्पॉन्सला छोटे उंचवटे राहतील असं मला वाटतं. एफपीजीएमधला डीएसपी ब्लॉक (तयार गुणाकार सर्किट) २५ गुणिले १८ बिटचा आहे. फिल्टरचा डीसी गेन (न बदलणारा सिग्नल किती पट होतो ते) ५०, म्हणजे लूपमधला डेटाच २० बिटचा होतो, तो २५ च्या बाजूलाच जाणार, मग कोएफिशंटला १८ च उरतात.

तर १८ बिटचे कोएफिशंट पुरतात का? की दोन ब्लॉक जोडून कोएफिशंट रुंद करू? आणि इनपुट आधीच स्केल करून डेटा १८ च्या बाजूला बसवला तर नॉइज फ्लोअरचं (नॉइजची तळपातळी) कितपत नुकसान होईल? प्रत्यक्ष हार्डवेअरवर कोणी केलं असेल तर तुमच्या वर्ड-लेंग्थ (किती बिट ठेवले ते) सांगा, सिम्युलेशनचे आकडेही चालतील.