दीड कोटीची दोन दारांची गाडी: पैसे वसूल होतात का?

लेथवाला (चिंचवड)

नमस्कार मंडळी. गेली २४ वर्षे भोसरीत माझा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. कर्ज फिटले आहे, मुलगी नोकरीला लागली आहे आणि वयाची पन्नाशी उलटली आहे. दोन दारांची, मागे उतरत्या छताची, वेगवान गाडी आपल्याकडे असावी ही हौस कॉलेजात असल्यापासूनची. आता प्रथमच ती परवडेल असे दिसते, म्हणून हा प्रश्न.

मनात बीएमडब्ल्यू एम४ कॉम्पिटिशन कूपे आहे. मे २०२४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १ कोटी ५३ लाख रुपये होती. रस्ता कर, विमा वगैरे धरून आकडा पावणेदोन कोटींच्या बराच पुढे जातो. एवढ्या पैशांत माझ्या शेडमध्ये निदान तीन चांगल्या व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापून भाग घडवणारी यंत्रे) उभ्या राहतील, हा हिशोब डोक्यातून जात नाही. घरी सगळ्यांसाठी एक सात आसनी गाडी आहेच, त्यामुळे ही केवळ माझी, रविवारची आणि क्वचित कोकणात जाण्याची. रोज कामावर ती नेणार नाही, कारण आमच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कारण सांगायला नको.

‘हौसेला मोल नसते’ हे उत्तर मला मिळून चुकले आहे. ज्यांनी अशी गाडी वापरली आहे किंवा जिच्यातले तंत्र ज्यांना कळते, त्यांनी कृपया सांगावे की इतक्या पैशांत नेमके काय मिळते आणि ते इथे वापरता येते का.

कनेक्टिंग रॉड (नाशिक)

लेथवाले, आपण स्वतः यंत्रांमधले आहात, म्हणून आधी यंत्राविषयीच बोलतो. या गाडीत तीन लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले, दोन टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) लावलेले इंजिन आहे. ५३० अश्वशक्ती, ६५० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर), चारही चाकांना ओढ, आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग साडेतीन सेकंदांत. रांगेतले सहा सिलिंडर हे मूळातच समतोल रचनेचे असतात, त्यामुळे असे इंजिन खूप वेगाने फिरतानाही थरथरत नाही. लेथवर नीट बॅलन्स केलेला शाफ्ट फिरताना हाताला जे जाणवते, किंबहुना जे जाणवत नाही, तसेच काहीसे ते आहे. यात कंपनीने कुठेही हात राखलेला नाही.

आता दुसरी बाजू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची वेगमर्यादा १०० आहे आणि घाटात त्याहून कमी. म्हणजे टोलनाक्यातून सुटल्यावर साडेतीन सेकंदांत आपली कायदेशीर मजा संपते, आणि त्यापुढे कॅमेरे आहेत. समृद्धीवर १२० चालते, म्हणजे आणखी एक सेकंदभर. ज्या रस्त्यावर ही गाडी तिच्या अर्ध्या ताकदीनेही सतत पळवता येईल असा सार्वजनिक रस्ता महाराष्ट्रात नाही. रेसिंगचे ट्रॅक म्हणावेत तर ते चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला असे दूरदूर आहेत.

त्याच कंपनीची एम३४०आय घ्या. तीन लिटर, सहा सिलिंडर, ३७४ अश्वशक्ती, चारही चाकांना ओढ, चार दारे, आणि १०० चा वेग ४.४ सेकंदांत. २०२४ च्या अखेरीस तिची किंमत ७४ लाख ९० हजार होती. सरळ वजाबाकी केली तर फरक ०.९ सेकंदांचा आणि ७८ लाखांचा आहे. उरलेल्या पैशांत एक व्हीएमसी तरी येईलच, शिवाय त्या गाडीत मागच्या सीटवर माणसे बसतात.

ताळेबंद (ठाणे)

कनेक्टिंग रॉड यांची वजाबाकी बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही. त्या ७८ लाखांत सगळे काही ०.९ सेकंदांचे नाही, त्यातला फार मोठा वाटा कराचा आहे. मी व्यवसायाने सीए आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एम३४०आयची जोडणी चेन्नईला होते, तर एम४ पूर्ण तयार होऊन जहाजाने येते. तयार गाडी ४० हजार डॉलरपेक्षा महाग असेल तर तिच्यावर एकूण ११० टक्के आयात कर पडतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ सीमाशुल्क १०० वरून ७० टक्क्यांवर आणले, पण त्यावरचा आधीचा १० टक्के अधिभार काढून ४० टक्क्यांचा उपकर लावला, त्यामुळे गोळाबेरीज तीच ११० राहिली. आता बंदरावर १०० रुपयांना उतरलेली गाडी कशी फुगते ते पाहा. ११० रुपये आयात कर लागून ती २१० ची झाली. त्या २१० वर, म्हणजे करासकटच्या किमतीवर, २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू असलेला ४० टक्के जीएसटी म्हणजे ८४ रुपये. झाले २९४. विक्रेत्याचा नफा यात अजून धरलेलाच नाही. वर आपल्या राज्यात आयात केलेल्या गाडीला रस्ता कर २० टक्के, जो करावरही लागतो. त्याची कमाल मर्यादा पूर्वी २० लाख होती, ती १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. आपण म्हणता त्या १ कोटी ५३ लाखांच्या २० टक्के म्हणजे ३० लाख ६० हजार, तेव्हा आपण बरोबर त्या छताला डोके टेकवून उभे राहणार. (जीएसटीचा दर बदलल्यावर किमतीही हलल्या आहेत, तेव्हा कोटेशन नवे घ्यावे.)

गाडी कारखान्याच्या नावावर घेण्याचा विचार मनात येईलच. एरवी कंपनीच्या नावावरच्या गाडीला १३ ऐवजी २० टक्के रस्ता कर लागतो म्हणून लोक कचरतात, पण आयात गाडीला तो तसाही २० टक्केच असल्याने तो मुद्दा इथे उरत नाही. घसारा (गाडीची किंमत उतरते त्यापोटी आयकरात मिळणारी वजावट) दरवर्षी १५ टक्के मिळेल, मात्र रविवारची आणि कोकणची गाडी ही ‘व्यवसायासाठी’ आहे हे कर अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी आपली, आणि खासगी वापराचा हिस्सा तो वगळू शकतो. व्हीएमसीशी तुलना करता खरा फरक जीएसटीत आहे. यंत्रावर भरलेला जीएसटी आपल्याला क्रेडिट म्हणून परत मिळतो, मोटारीवरचा मिळत नाही. खरेदीच्या वेळी विक्रेता आगाऊ आयकर म्हणून घेतो तो १ टक्का टीसीएस मात्र विवरणपत्रात वळता होतो, तो खर्चात धरू नये.

विम्याचा तक्ताही एकदा डोळ्यांखालून घालावा. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत विम्यातली तिची किंमत ५ टक्क्यांनी उतरते, वर्ष पुरे होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०. प्रत्यक्ष बाजारात अशा गाड्या याहून वेगाने उतरतात, कारण दुसरा गिऱ्हाईक पहिल्याने भरलेल्या करांचे पैसे द्यायला बसलेला नसतो. म्हणून माझे मत असे की ही गाडी घ्यावीच, पण तीन वर्षांची घ्यावी, आणि रस्ता कराचे ते लाखो रुपये दुसऱ्या कुणाला तरी भरू द्यावेत.

घाटमाथा (पुणे)

माझ्याकडे चार वर्षांपासून एक जर्मन कूपे आहे. कंपनी सांगत नाही, कारण पुढे थोडे कडू लिहिणार आहे.

वर सगळी चर्चा सेकंदांची आणि टक्क्यांची झाली. मला विचाराल तर शून्य ते १०० हा खेळ महिनाभरात शिळा होतो. चौथ्या वर्षीही शिळा झाला नाही तो ताम्हिणीचा पहाटेचा रस्ता. पावसाळा सरल्यावर पाच वाजता पौड सोडायचे, मुळशीच्या कडेकडेने जायचे. वेग साठ-सत्तरच असतो, पण वळणात शिरताना स्टिअरिंगमधून पुढच्या टायरची पकड हाताला कळत राहते, आणि गाडी जराही एका बाजूला झुकत नाही. चार दारांच्या उंच गाडीत हे कितीही अश्वशक्ती असली तरी मिळत नाही. अर्ध्या ताकदीने पळवायला रस्ता नाही हे कनेक्टिंग रॉड यांचे म्हणणे खरे आहे, पण गाडीचा बांधा ताकद न वापरताही हाताला कळतो. याच गोष्टीसाठी मी पैसे दिले असे मला वाटते.

आता कडू भाग. अशा गाडीचे टायर म्हणजे रिमवर गुंडाळलेली रबराची पट्टी. आपण पाहता त्या एम४ ला मागे २० इंची रिमवर ३० प्रोफाइलचा टायर येतो. रुंदी २८५ मिलिमीटर, त्याच्या ३० टक्के म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामध्ये साडेआठ सेंटिमीटर रबर. माझ्या गाडीचाही तोच प्रकार. दोन वर्षांपूर्वी रात्री, पावसात, पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावे पुढचे चाक गेले. आवाज असा आला की खाली काही तुटले असे वाटले. उतरून पाहिले तर टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आणि रिमला बोट बसेल एवढा दबका. स्टेपनी नाही. सोबत दिलेला पंप आणि डिंकाची बाटली भोक पडले असेल तरच उपयोगी, फुग्याला नाही. गाडी सपाट ट्रकवर चढवून नेली. सर्व्हिस सेंटरने आधी ‘दोन दिवसांत’ सांगितले आणि टायर आला २३ व्या दिवशी, तोही एकटा, कारण रिमची ऑर्डर नोंदवायची राहून गेली होती. त्यानंतर मी एक जादा टायर घरी पलंगाखाली ठेवला आहे. त्यावर घरात काय ऐकावे लागते ते इथे लिहीत नाही.

आणखी एक. मागे दोन सीट असतात असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. माझ्या आईला एकदा मागे बसवले होते. बसली हसत, पण उतरताना मी आणि भावाने दोन्ही हात धरून तिला बाहेर काढले. मागची जागा बॅगा ठेवायला आहे असे समजूनच निर्णय घ्यावा.

परदेशस्थ (म्युनिक)

आपण म्हणता ती गाडी माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, डिंगॉल्फिंगच्या कारखान्यात तयार होते. ताळेबंद यांच्या हिशोबाला इथून दुजोरा देतो. इथे ती साधारण एक लाख युरोची गाडी आहे, आणि तिच्यात व एम३४०आयमध्ये दुपटीचा फरक नाही. तरीही माझ्या ओळखीतल्या अनेकांनी अशा गाड्यांना सीझनची नंबरप्लेट घेतली आहे. तिच्यावर महिने छापलेले असतात, म्हणजे गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर आणि उरलेले महिने गॅरेजमध्ये. कर आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा. सांगायचा मुद्दा असा की जिथे ऑटोबानच्या (इथल्या द्रुतगती मार्गांच्या) काही टप्प्यांवर वेगाला मर्यादा नाही, तिथेही ही मुख्यतः हौसेचीच गाडी मानतात.

एक सुचवतो. पावणेदोन कोटींचा चेक लिहिण्याआधी आठवडाभर इकडे यावे. या जातीच्या गाड्या इथे दिवसाच्या भाड्याने मिळतात. मर्यादा नसलेल्या टप्प्यावरही १३० ची शिफारस आहे आणि त्यापुढे अपघात झाला तर जबाबदारीचा प्रश्न येतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. न्यूर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना रेसिंगचा ट्रॅकही ठरावीक दिवशी तिकीट काढून सर्वसामान्यांना खुला असतो. साधी भाड्याची गाडी तिथे नेऊ नये, करारात तशी मनाई असते. त्या कामासाठी तयार केलेल्या गाड्या तिथेच भाड्याने मिळतात. तीन-चार लाखांत आपल्याला कळेल की ही भूक आठवड्याने शमते की वाढते.

लेथवाला (चिंचवड)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शोरूमला जाऊन आलो. गाडी चालवताना ‘घाटमाथा’ यांनी लिहिलेले स्टिअरिंगचे ते पहिल्याच वळणाला कळले, आणि कनेक्टिंग रॉड यांनी लिहिलेले शाफ्टचे तर इंजिन सुरू झाल्याबरोबर. गाडीचे पोट जमिनीला फार जवळ, म्हणून परत येताना सोसायटीच्या तळघराच्या उतारावर टेप लावून मोजमाप केले. उतार जिथे संपतो तिथे वॉचमनने हौसेने ओतलेला सिमेंटचा एक गतिरोधक आहे. तो समितीला सांगून छिनीने तासून घ्यावा लागेल असे दिसते.

नवी गाडी घ्यायची नाही, एवढे ठरले. ताळेबंद यांचा ११० आणि ४० चा गुणाकार वाचल्यावर ती इच्छाच उरली नाही. मुंबईत २०२२ ची, आधीच्या आवृत्तीची, ५१० अश्वशक्तीची एक गाडी विक्रीला आहे, महाराष्ट्राच्याच नोंदणीची. सर्व्हिसची पुस्तिका पूर्ण आहे आणि मीटरवर ११ हजार किलोमीटर आहेत. शनिवारी पाहायला जातो आहे. काय काय तपासावे?

कनेक्टिंग रॉड (नाशिक)

रंगाची जाडी मोजणारे मीटर सोबत न्यावे, आपल्या शेडमध्ये असेलच. चारही मडगार्डचे पत्रे आणि दारांच्या कडा मोजाव्यात, म्हणजे पुन्हा रंगवलेला पत्रा लपत नाही. सर्व्हिसच्या नोंदी पुस्तिकेवर न थांबता कंपनीच्या संगणकावरून काढून घ्याव्यात. टायरच्या कडेला शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. अकरा हजारांत टायर २०२४ चे निघाले, तर ते का बदलले हे विचारावे. एकतर मालकाने ताम्हिणी मनसोक्त केली आहे, नाहीतर मीटर खोटे बोलते आहे, किंवा खड्डा.

लेथवाला (चिंचवड)

ते अंक टायरच्या आतल्या बाजूला असले तर?

घाटमाथा (पुणे)

एका बाजूलाच असतात बऱ्याचदा. पुढच्या टायरचे पाहण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवावे. मागच्यांसाठी गाडी लिफ्टवर घ्यायला सांगावी, आणि वर घेतलीच आहे तर रिमच्या आतल्या काठावरून बोट फिरवून पाहावे. माझा तो दबका बाहेरून कुणालाही दिसला नव्हता.