मूकपटातले पणजोबा शोधताना

माझे पणजोबा आधी नाटक मंडळीत आणि मग कोल्हापूरच्या मूकपटांत होते पण त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही, मग शोधायचं कसं, असं एकाने विचारलंय, त्याला हे उत्तर. पण यादीत नाव नाही म्हणजे ते तिथे नव्हतेच असं समजू नका, तेव्हा पडद्यामागच्या माणसांची नावं द्यायची पद्धतच फारशी नव्हती, सुतार रंगारी मेकअपवाले तर सोडूनच द्या.

आधी काळ पक्का करा. ते कोल्हापूरच्या कुठल्या कंपनीत होते, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी की नंतर १९२९ ला सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी, ते बघा, कारण प्रभात १९३३ ला पुण्याला गेली आणि बरीच माणसंही सोबत गेली, म्हणजे घरचे कागद पुण्याच्या पत्त्यावरचे असू शकतात. दुसरं म्हणजे ते पुढे बोलपटांतही असतील तर, बोलपट आल्यावर (१९३१ नंतर) थिएटरात गाण्यांची पुस्तिका मिळायची, त्यात कथा आणि नटांची नावं असतात, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका बऱ्याच आहेत, आधी मेल करून विचारा.

आणि हो, स्त्री पार्टही तपासा! १९१३ च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषानेच केली होती, आपण पुरुष पात्रांतच शोधत बसतो. आडनाव न लावता नुसतं मास्टर अमुक असंही छापायचे, त्यामुळे घरात त्यांना काय हाक मारायचे ते म्हाताऱ्या माणसांना आधी विचारून घ्या. फोटो असेल तर मागची बाजू स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का बहुतेक तिथेच असतो.