फँटसी बेसबॉल: एप्रिलमध्ये संघाला हात लावावा का?

स्लायडर_सदाशिव
फँटसी बेसबॉलमध्ये आपण सीझनआधी ड्राफ्टमध्ये फेरीफेरीने अमेरिकन लीगचे खरे खेळाडू निवडून संघ बनवतो आणि त्यांच्या आकड्यांवर जिंकतो-हरतो. सीझनला तीन आठवडे झाले की दरवर्षी तेच. दुसऱ्या फेरीत घेतलेला फलंदाज ०.१९० च्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजवर अडकतो आणि लोक त्याला ड्रॉप करायला (संघातून काढायला) निघतात. माझं मत: पहिल्या १० फेऱ्यांतला खेळाडू मेमोरियल डेपर्यंत (मेचा शेवटचा सोमवार) सोडू नये, पडेल भावात ट्रेडही करू नये.

हिशेब बघा. तीन आठवड्यांत नियमित फलंदाजाच्या साधारण ८० प्लेट अपिअरन्स (फलंदाजीच्या पाळ्या) होतात, वर्षभरात ६०० च्या वर. स्ट्राइकआऊटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण साधारण ६० पाळ्यांमध्ये विश्वासार्ह होऊ लागतं, वॉकचं (चार बॉलवर मिळणाऱ्या फुकट बेसचं) १२० मध्ये, होमरनचं १७० मध्ये. बॅटिंग अ‍ॅव्हरेजला ९०० च्या आसपास लागतात, म्हणजे अख्खा सीझनही पुरत नाही. आणि आपण घाबरतो नेमकं अ‍ॅव्हरेज बघून!

२०२४ मध्ये फ्रान्सिस्को लिंडोर मेच्या मध्यापर्यंत ०.२०० च्या खाली होता. वर्षअखेर ०.२७३, ३३ होमरन, २९ स्टील (चोरलेले बेस). उलट बाजूला क्रिस शेल्टन: २००६ च्या एप्रिलमध्ये १० होमरन, वर्षभरात मिळून १६, आणि जुलैअखेर मायनर्समध्ये (खालच्या लीगमध्ये) रवानगी.

कटर_कोल्हापूर
असहमत. लिंडोर आठवतो कारण तो सावरला. न सावरलेल्यांची यादी कोणी काढत नाही. बाल्टिमोरचा क्रिस डेव्हिस २०१८ मध्ये ०.१६८ वर संपला. त्याच्यासाठी थांबलेल्याला सप्टेंबरपर्यंत काहीच मिळालं नाही. पुढच्या वर्षी ०.१७९.

शिवाय तुमच्या १० फेऱ्यांत दोन-तीन क्लोजरही (आघाडी टिकवायला शेवटची, नववी इनिंग टाकणारे पिचर) येतात. तिथे धीर म्हणजे शुद्ध नुकसान. मॅनेजरने एकदा नवव्या इनिंगला दुसऱ्याला आणलं की जुन्याचा इआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) सुधारून उपयोग नाही, सेव्ह (आघाडी टिकवल्याची नोंद) गेले. सेव्हचे आकडे बघत बसू नका. एका रनची आघाडी असताना आठवी कोण टाकतं आणि नववी कोण, ते बघा. असा नवा क्लोजर सीझनमध्ये खेळाडू घ्यायच्या १०० डॉलरच्या बजेटमध्ये एप्रिलमध्ये २०-२५ ला मिळाला तरी घ्यावा, कारण त्याचे पाच महिने तुमच्या खात्यात पडतात. तोच ऑगस्टमध्ये घेतला तर दोनच.

स्लायडर_सदाशिव
क्लोजर मान्य, ते वगळतो. डेव्हिसचं उदाहरण मात्र तुमच्याच विरुद्ध जातं. त्याचा स्ट्राइकआऊट दर आधीच्या दोन्ही वर्षांत ३० टक्क्यांच्या वर होता. तो वाईट नशिबाचा मामला नव्हताच.

इनिंग_ईटर
दोघेही ‘थांबा’ आणि ‘सोडा’ यातच अडकलात. बघायचं काय, ते आधी ठरवा.

फलंदाज: बॅबिप (मैदानात पडलेल्या चेंडूंवरचं अ‍ॅव्हरेज) ०.२१० आणि स्ट्राइकआऊट गेल्या वर्षीइतकेच असतील तर थांबा. लीगचं सर्वसाधारण बॅबिप ०.२९० ते ०.३०० असतं. स्ट्राइकआऊट २० टक्क्यांवरून ३२ वर गेले आणि बॅट स्पीडही उतरला असेल तर दुखापत लपवली जातेय का, ते शोधा. बॅटिंग ऑर्डरही बघा. दुसऱ्यावरून सातव्यावर गेलेल्या माणसाच्या रन आणि आरबीआयच्या (आपल्या फटक्यावर इतरांनी काढलेल्या रनच्या) संधी कमी होतात, फॉर्म परत आला तरी.

पिचर: फास्टबॉलचा वेग. सलग तीन स्टार्टमध्ये (त्याने सुरुवातीपासून टाकलेल्या सामन्यांत) ताशी दोन मैलांनी कमी असेल तर सावध व्हा, पण तुलना गेल्या एप्रिलशी करा, पूर्ण वर्षाच्या सरासरीशी नको. थंडीत बऱ्याच जणांचा वेग उतरतो.

एका फुटलेल्या स्टार्टने तर घाबरूच नका. समजा ३० इनिंगला तुमच्या संघाचा इआरए ३.६० आहे. ३ इनिंगमध्ये ७ रन गेले की तो थेट ५.१८ होतो. तेच ७ रन १४०० इनिंगच्या शेवटी आले असते तर ३.६० चा ३.६४. नुकसान तेवढंच, एप्रिलमध्ये फक्त भयंकर दिसतं.

कटर_कोल्हापूर
हे रोटोचं (वर्षभराच्या एकूण आकड्यांवर क्रम लागतो तो प्रकार) गणित. हेड-टू-हेडमध्ये (दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी लढत) ते ५.१८ वर्षभरात विरघळत नाही, त्या आठवड्याचे इआरए आणि व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक) दोन्ही गेलेच. नियमित सीझन साधारण २१ आठवड्यांचा, त्यातले तीन हरलात तर प्लेऑफचं पारडं फिरतं.

इनिंग_ईटर
म्हणून ड्रॉप कशाला? बेंचवर बसवा. अवघड लाइनअपविरुद्ध एक स्टार्ट चुकवला तर खेळाडू हातात राहतो. ड्रॉप केलेला दुसऱ्या दिवशी तुमच्याच प्रतिस्पर्ध्याकडे दिसतो. क्रिकेटच्या रोजच्या फँटसीत प्रत्येक सामन्याला नवा संघ बनवायची सवय झालेल्यांना हे जड जातं, कारण तिथे सोडलेला खेळाडू उद्या परत घेता येतो.

बेंच_बहादूर
बेंचच्या जागा फुकट नसतात हो. १२ संघांच्या लीगमध्ये पाच बेंच असतील आणि तीन ‘सावरतील’ म्हणून अडवलेल्या असतील, तर नवा क्लोजर ठेवणार कुठे? आधी आयएलवर (जखमींच्या यादीत) गेलेल्यांना आयएल स्लॉटमध्ये टाका; कितीतरी जण तेवढंही करत नाहीत. मग शेवटच्या पाच-सहा फेऱ्यांतले दोन खेळाडू दर रविवारी बदलायला मोकळे ठेवा. तिथे ८० प्लेट अपिअरन्सचीही वाट बघायची गरज नाही. मॅनेजर आठवड्यातून चारच सामन्यांत खेळवत असेल तर तेवढं कारण पुरे.

स्लायडर_सदाशिव
शेवटच्या फेऱ्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, रोज बदला. दुसऱ्या फेरीतल्याला मात्र हात नको.

कटर_कोल्हापूर
वेग दोन मैलांनी पडला असेल तरी?

स्लायडर_सदाशिव
तरी ड्रॉप नाही. बेंचवर ठेवा आणि एमआरआयचा निकाल येईपर्यंत थांबा.