वर्गीकरण हवंच, पण तेवढ्यानं भागत नाही
घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा केला की प्लास्टिकचा प्रश्न सुटेल, हे नेहमी ऐकू येणारं मत मला अपुरं वाटतं. वेगळा करायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण त्या सुक्या कचऱ्याचं पुढे काय होतं तेही पाहायला हवं.

पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई तो पुन्हा हातानं निवडतात. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, शाम्पूची बाटली यांना भंगारात भाव मिळतो, म्हणून ते उचललं जातं. वेफर्सच्या पाकिटाला मात्र कुणी विचारत नाही. त्यात प्लास्टिकच्या थरांना ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा चिकटलेला असतो आणि ते सुटे करणं परवडत नाही. मग अशी पाकिटं फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. याला पुनर्वापर म्हणायला माझं मन धजत नाही. आपण ती कितीही धुऊन-पुसून दिली तरी यात फरक पडत नाही.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा भाजीवाल्यांच्या पिशव्या जप्त झाल्या, कंपन्यांची पाकिटं सुटली. हा सरळसरळ अन्याय आहे. उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे नियम आहेत, त्यांची कडक अंमलबजावणी मागूया. पाकीट एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं करायचं की नाही, हे कारखान्यात ठरतं. त्याचा भार वेचणाऱ्या बाईनं का सोसायचा?

आणि हो, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. तेवढासा तुकडा कुणालाच वेचता येत नाही.