मदत हवी आहे: पुढच्या सीटचं मागचं कव्हर कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. माझी 2014 ची हॅचबॅक आहे. ड्रायव्हर सीटच्या पाठीमागचा खिसा शिवणीपाशी उसवलाय (लेकाची कृपा, दोन्ही पाय कायम तिथेच) आणि त्या भोकातून त्याची एक गोटी आत गेलीय. आता ब्रेक मारला की टक्, वळण घेतलं की टक्. डोकं उठतं नुसतं.

रविवारी गाडी सावलीत लावून बसलो. हेडरेस्ट काढलं. पाठीच्या खालच्या कडेला चाचपलं तर कापडाला शिवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या लागल्या. दाबून पिळल्यावर सुटल्या. कव्हर वीतभर वर सरकलं आणि तिथेच अडलं. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर आत कापड लोखंडी रिंगांनी (हॉग रिंग म्हणतात त्या) फोममधल्या तारेला आवळलेलं दिसतंय.

मागची बाजू मोकळी करायला या रिंगा कापाव्याच लागतात का? कापल्या तर परत बसवायला हॉग रिंगची पक्कडच हवी, की केबल टाय चालतील? आणि हेडरेस्टच्या दांड्या ज्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत बसतात, त्या वरून ओढून निघतात की आतून चिमटा दाबावा लागतो? एक ओढून बघितली, मोडेल म्हणून सोडली.

सीटमध्ये साइड एअरबॅग नाही, ते आधीच तपासलंय.

कुशनवाला म्हणतो अख्खी सीट उतरवावी लागेल. एका गोटीसाठी? कुणी घरी केलं असेल तर सांगा, फोटो असतील तर फारच उत्तम.