प्रतिसाद: मे २०२० ते गृहलक्ष्मी

"कोरोनानंतर लोकांना फुकट खायची सवय लागली" हे गृहलक्ष्मीसारख्या सरकारी मदतीवरच्या या धाग्यात वर कुणीतरी लिहिलेलं वाक्य मला बेळगावच्या वडगावात राहून पटत नाही. इथे गल्लोगल्ली यंत्रमाग. टाळेबंदीत ऐन लग्नसराई गेली, साड्या कपाटातच राहिल्या, माग थांबला. माग थांबला की घरी कांड्या (मागासाठी सूत गुंडाळलेल्या नळ्या) भरणाऱ्या बाईचीही कमाई थांबते, पण तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं.

६ मे २०२० ला कर्नाटक सरकारने १६१० कोटींचं पॅकेज काढलं. त्यात न्हावी, धोबी, रिक्षावाले यांना एकदाच ५००० रुपये होते. म्हणजे आधी धंदा सिद्ध करा, मग पैसे. आमच्या शेजारच्या काकूंनी काय सिद्ध करायचं?  

ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने सुरू केलेल्या गृहलक्ष्मी योजनेने नेमकं हेच बदललं. कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात महिन्याला २००० रुपये, धंदा कुठला ते विचारत नाहीत. हप्ते रखडतात, हे खरंच. त्यावर बोंब मारायलाच हवी.

अशा योजनांचा सरकारी तिजोरीवर भार पडतो, हा मुद्दा मात्र रास्त आहे. पण २०२० मध्ये केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा त्या वर्षापुरती राज्याच्या सकल उत्पादनाच्या ३ वरून ५ टक्के केली, तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा वाढीला रेशनकार्ड, वीज वगैरे सुधारणांच्या अटी जोडल्या होत्या. राज्यांच्या त्या जादा कर्जाला कुणी फुकटेपणा म्हटलं नव्हतं. काकूंच्या २००० वर मात्र इथे चार पानं चर्चा झालीय.